ताई, पोरीला हिस्ट्रीत सी प्लस आलाय

पत्र लांब होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, आम्ही जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीला आलो, मिस्टरांची ट्रान्सफर. मुलगी पंधरा वर्षांची, तिकडे स्टेट बोर्डाच्या इंग्लिश मीडियमला नववी झाली, इतिहासात कायम वर्गात पहिली-दुसरी. इथे दहावीला ऑनर्स वर्ल्ड हिस्ट्री (म्हणजे रेग्युलरपेक्षा वरच्या पातळीचा वर्ग) घेतली आणि पहिल्याच एस्सेला सी प्लस. टीचरने खाली लिहिलंय, ही समरी आहे, आर्ग्युमेंट कुठेय? पोर रात्री एक-एक वाजेपर्यंत जागते, अख्खं पुस्तक हायलाइटरने पिवळं केलंय. मी रोज संध्याकाळी तिला तारखा विचारते, दीडशे कार्डं केलीत मी स्वतः, सगळी पाठ आहेत तिची. आता पुढचा एस्से पहिल्या अफूच्या युद्धावर आहे, सात कागद दिलेत, त्यांच्यावरून लिहायचंय. मिस्टर म्हणतात इतिहासाला काय जाळायचंय, रेग्युलरला टाक आणि मॅथकडे बघ. काउन्सेलरने बदलायचा फॉर्म पण दिलाय, फ्रिजवर लावून ठेवलाय. पोर बदलायचं नाही म्हणते आणि रडते. काय करू? - पुण्याची आई"

अगं पुण्याच्या आई, तुला सरळ अगं-तुगं करतेय, पत्रात ताई म्हणालीस तेव्हाच ते ठरलं. टीचरची ती ओळ परत एकदा वाच बघू. मला तर वाचून बरंच वाटलं. समरी आहे म्हणजे पोरीने धडा वाचलाय, तिला तो कळलाय, आणि कळलेलं तिला इंग्लिशमध्ये लिहिता येतंय. नवीन देशात पहिल्या दोन-अडीच महिन्यांत एवढं जमलं हे कमी आहे का? जे राहिलंय ते शिकण्यासारखं आहे आणि दोन-तीन एस्सेत येतं, तेव्हा तो फॉर्म सध्या फ्रिजवरच राहू दे.

आपल्याकडे प्रश्न कसा यायचा आठव. पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. मग आपण साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, सारायेव्होचा खून, प्रत्येकाखाली दोन ओळी, स्केलपट्टीने अंडरलाइन, की पुढचा प्रश्न. चारही कारणं लिहिली की मार्क मिळायचे, आणि ती सगळ्या वर्गाची सारखीच असायची कारण सगळ्यांचं गाइड एकच. इथे ती चार कारणं तुला माहितीच आहेत असं धरून चालतात आणि विचारतात की ह्यातलं कुठलं जास्त वजनाचं, आणि कशावरून म्हणतेस. हा जो "कशावरून" आहे ना, त्याचेच मार्क आहेत बाई. बऱ्याच ऑनर्स क्लासमध्ये टीचर एपी वर्ल्ड हिस्ट्रीचंच, म्हणजे हायस्कूलमधल्याच कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचं, रूब्रिक (मार्क द्यायचा तक्ता) वापरतात (ऑनर्सला मे महिन्यातली ती मोठी परीक्षा नसते, बाकी लिखाणाची पद्धत बरीचशी तीच), आणि त्यात अशा कागदांवरच्या एस्सेला ७ पॉइंट असतात. थिसिसला, म्हणजे आपल्या मुख्य दाव्याला, एक, आधीचा संदर्भ मांडायला एक, कागद वापरून मुद्दा सिद्ध करायला दोन, कागदांच्या बाहेरचा पुरावा आणला तर एक, कागद कोणी का लिहिला हे सांगायला एक, आणि शेवटचा एक बाजू-उलटबाजू धरून खोलात गेल्याबद्दल. ह्यात तारखा पाठ असण्याला वेगळा पॉइंट कुठेच नाहीये. तुझी दीडशे कार्डं बिचारी तिथे नुसतीच उभी राहतात.

मी हे शहाणपण कुठून आणलं ते पण सांगते. माझा थोरला नववीत असताना फ्रेंच राज्यक्रांतीवर एस्से होता आणि मी भाजी फोडणीला टाकून त्याच्या शेजारी बसले आणि तो "सुधारला". १७८९, बॅस्टिल, सोळावा लुई, पावाचे भाव, सगळं ओळीने लावून दिलं, आणि शेवटी आपलं ते ठरलेलं वाक्य, अशा प्रकारे फ्रेंच राज्यक्रांतीने जगाला स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे दिली, ह्याचं इंग्लिश करून टाकलं. मला काय अभिमान वाटला होता. पेपर परत आला तर त्या वाक्याला लाल गोल आणि बाजूला तीन प्रश्न, मराठीत सांगायचे तर, कोणाला दिली? कधी? कशावरून? पोराने मला तो कागद दाखवला आणि म्हणाला आई हे तुझं वाक्य आहे, तूच उत्तर दे. मग आम्ही दोघं बसलो शोधायला. फ्रान्सच्याच ताब्यातल्या सँ दोमिंगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, १७९१ ला गुलामांनी उठाव केला, १७९४ ला फ्रान्सने वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली, १८०२ ला नेपोलियनने ती परत आणली, आणि शेवटी १८०४ ला हैतीने स्वतः लढून स्वातंत्र्य घेतलं. बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा १७९१ मध्ये लिहिणाऱ्या ओलँप द गूजला १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं. मी "जगाला" म्हणून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून मी त्याच्या एस्सेला हात लावला नाही.

आता तुझी पोर पुण्याची आहे, तिला हे मी इथल्या भाषेत कशाला सांगू. बखर आणि पत्र ह्यातला फरक तिने ऐकलेला असणारच. सभासदाची बखर आपण मानाने वाचतो, पण ती लिहिली गेली १६९० नंतरच्या दशकात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, म्हणजे १६८० ला थोरले महाराज गेले त्यानंतर चांगली दहा-पंधरा वर्षं उलटल्यावर. आणि घटना घडली त्याच आठवड्यात लिहिलेलं एखादं मोडीतलं पत्र असेल तर त्याचं वजन वेगळं. म्हणून बखर खोटी असं होत नाही, फक्त कोणी, कधी, कोणासाठी लिहिली हे धरून वाचायची. इतिहासकार राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करत राहिले, १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, ते सगळं ह्या एका हट्टापायी, की अस्सल कागद दाखवा मग बोला. इथले टीचर ह्यालाच सोर्सिंग म्हणतात आणि पोरं ते नवीन काहीतरी अवघड आहे असं समजून घाबरतात.

तर अफूचं युद्ध, ब्रिटन आणि चीनमधलं. सात कागद कुठले ते तू लिहिलं नाहीस, पण त्यात लिन झेशूचं राणी व्हिक्टोरियाला लिहिलेलं पत्र असायची शक्यता दांडगी आहे, हे पत्र अशा पेपरांत फार फिरतं, म्हणून तेच घेऊन दाखवते.

हा लिन झेशू म्हणजे चीनच्या बादशहाने अफू बंद करायला कँटन बंदराला पाठवलेला बडा अधिकारी. १८३९ च्या मार्चमध्ये पोचला, परदेशी व्यापाऱ्यांकडून २०,००० च्या वर पेट्या अफू काढून घेतली, हजार टनांच्या वर माल, आणि जूनमध्ये हुमेनला खड्डे खणून पाणी, मीठ आणि चुना घालून ती विरघळवून समुद्रात सोडली, तीनेक आठवडे चाललं होतं हे काम. (त्याआधी समुद्रदेवाची माफी मागणारी प्रार्थना लिहिली होती त्याने. हे एस्सेत नको, पण पोरीला सांग, माणूस लक्षात राहतो.) त्याच वर्षी त्याने राणीला पत्र लिहिलं. त्यात म्हणतो, तुमच्या देशात अफूला सक्त मनाई आहे असं ऐकतो, मग जे स्वतःला नको ते दुसऱ्याच्या माथी का मारता? आणि हेही म्हणतो की आमचा चहा आणि रेवंदचिनी नसेल तर तुमचं एक दिवस चालणार नाही. रेवंदचिनी, आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते तीच, पोट साफ व्हायला देतात ती, नावातच चिनी आहे बघ.

आता तुझी पोर काय लिहील, तर "लिन झेशूने राणीला पत्र लिहून अफू बंद करायची विनंती केली". ही झाली समरी. इथे थांबली की सी प्लस.

पुढे जायचं म्हणजे काय ते बघ. पहिलं, तो चुकलाय. इंग्लंडात तेव्हा अफूला बंदी नव्हतीच, औषधाच्या दुकानात लॉडनम म्हणून सर्रास मिळायची, विक्रीवर कायद्याने नियम आले ते १८६८ ला. मग चुकीचं लिहिलंय म्हणून कागद फेकून द्यायचा का? मुळीच नाही, उलट सोनं आहे ते. एवढा हुशार, एवढा प्रामाणिक अधिकारी, आणि त्याला लंडनबद्दल खात्रीची बातमी मिळायची सोय नव्हती, कारण १७५७ पासून पाश्चात्त्य व्यापार एका कँटनात आणि ठरावीक चिनी व्यापाऱ्यांमार्फत कोंडलेला होता. दुसरं, पत्राचा सूर. विनंती वाटते का ती? वरच्या पायरीवरून खालच्याला समज दिल्यासारखी आहे, कारण बादशहाच्या दरबाराला इंग्लंडची राणी बरोबरीची वाटतच नव्हती. तिसरं, कोणासाठी लिहिलं. नाव राणीचं, पण नीतीचा मुद्दा एवढा लांबवलाय तो कोणाला पटवायला? म्हणजे एका कागदातून दोन सरकारं एकमेकांना कशी ओळखतच नव्हती हे निघतं, आणि हे वाक्य पोरीचं स्वतःचं. इथे ती समरीतून बाहेर आली.

मग थिसिस. "पहिल्या अफूच्या युद्धाची अनेक कारणे होती" हा थिसिस नव्हे गं, ह्याच्याशी कोण भांडणार? थिसिस म्हणजे असं वाक्य की समोरचा म्हणेल, छे, मला नाही पटत. उदाहरणार्थ, अफू हे निमित्त होतं, खरं दुखणं व्यापार कोणाच्या अटींवर चालायचा हे होतं. आता कशावरून? तर १८४२ चा नानजिंगचा तह काढून बघायचा. त्यात पाच बंदरं उघडली, हाँगकाँग दिलं, २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर लावले, पण अफूचा व्यापार कायदेशीर करा असं कलमच नाही, अफूसाठी आहेत ते नष्ट केलेल्या मालाची भरपाई म्हणून ६० लाख. युद्ध फक्त अफूसाठी असतं तर जिंकणाऱ्याने पहिलं कलम कशाचं घातलं असतं? आणि लगेच उलट बाजू पण तिनेच मांडायची, की अफू विकल्याशिवाय ब्रिटिशांना चीनच्या चहासाठी मोजायची चांदी परवडलीच नसती, ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीत बंगालच्या अफूचा पैसा भरपूर होता, मग निमित्त तरी कसं म्हणायचं? लंडनमध्येसुद्धा सगळे एका सुरात नव्हते, १८४० ला पार्लमेंटमध्ये ग्लॅडस्टन ह्या खासदाराने युद्धाला कडाडून विरोध केला आणि सरकार वाचलं ते २७१ विरुद्ध २६२, फक्त ९ मतांनी. हे दोन्ही बाजूंचं मांडून मग शेवटी आपल्या बाजूला का झुकते ते लिहिलं की तो सातवा पॉइंट, जो बहुतेकांचा हुकतो, तो हाताला लागतो.

आणि कागदांबाहेरचा पुरावा आणायचा तो तर तिच्या घरचाच आहे. चीनला जाणारी अफू दोन वाटांनी जायची, एक पाटणा-बनारसकडची, कंपनीच्या मक्त्याची, कलकत्त्याहून, आणि दुसरी माळव्याची, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखातली, जिच्यावर कंपनीचा मक्ता नव्हता, तर कंपनीने ती मुंबईवरून न्यायला परवाना-कर लावून पैसा केला. मुंबईचे मोठमोठे व्यापारी ह्या धंद्यात होते. जमशेटजी जीजीभाई, ज्यांच्या नावाचं जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, त्यांची चीनच्या व्यापारातली कमाई कापूस आणि अफूची, कँटनच्या जार्डिन ह्या ब्रिटिश व्यापाऱ्याबरोबर त्यांचं चांगलं घट्ट होतं, आणि ते "सर" झाले ते साल कुठलं, तर १८४२, नानजिंगचंच. वर्गातल्या बाकीच्या वीस-पंचवीस पोरांपैकी कोणाकडे हे नसणार. एक मात्र बजावून सांग, आपलं आहे म्हणून घुसडायचं नाही, थिसिसला टेकू देत असेल तरच घ्यायचं. व्यापाराच्या अटींचा मुद्दा असेल तर ही दुसरी वाट छान बसते, कारण ह्यात फक्त ब्रिटिश सरकार नाही, मुंबईतल्या पेढ्याही अडकल्या होत्या हे दिसतं. मग अफू नुसतं निमित्त होतं हे आपलंच वाक्य जरा डळमळतं, आणि तेही तिला लिहावंच लागेल.

अभ्यासाच्या पद्धतीचं थोडक्यात सांगते. हायलाइटर काढून घे. अख्खं पान पिवळं म्हणजे काहीच पिवळं नाही. एक सेक्शन वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं, आणि वहीत एकच वाक्य लिहायचं, ज्यात "कारण" किंवा "तरीही" हा शब्द आलाच पाहिजे. तो शब्द आला नाही तर समरी झाली, परत वाचायचं. वाचायचा वेग कमी पडत असेल, आणि नवीन पोरांचा पडतोच, तर विषय आधी आपल्या भाषेत डोक्यात घालून घ्यायचा. बालभारतीच्या साइटवर बारावीचं इतिहासाचं मराठी पुस्तक फुकट पीडीएफमध्ये आहे, युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धं, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध, तिच्या वर्षभराच्या सिलॅबसचा बराच भाग त्यात छोट्या-छोट्या धड्यांत आहे, ते तू वाच आणि तिला जेवताना सांग. आणि दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा इतिहासलेखनावर आहे, रांके, हेगेल, मार्क्स, फुको सगळे त्यात आहेत. ती पुण्यात राहिली असती तर हाच धडा तिने ह्या वर्षी पाठ केला असता, काय म्हणावं!

रात्री अकराला दिवा बंद. ह्यावर चर्चा नाही.

टीचरला ईमेल जाऊ दे, पण तो पोरीने लिहायचा, तू नाही. इथे दहावीतल्या पोराची आई लिहायला लागली की सगळ्यांनाच अवघड होतं. चारच ओळी: तुमची कमेंट वाचली, समरी आणि आर्ग्युमेंटमधला फरक मला समजतोय असं वाटतं, माझं एक पान मी परत लिहिलंय, ते घेऊन शाळा सुटल्यावर दहा मिनिटं भेटू का. परत लिहिलेलं पान हातात घेऊन जाणाऱ्या पोराला नाही म्हणणारा टीचर मी अजून पाहिला नाहीये. मार्क वाढवून द्या असं मात्र चुकूनही लिहायचं नाही.

आता रेग्युलरचं. मिस्टरांना एवढंच सांग की न्यू जर्सीत हायस्कूल पास व्हायला सोशल स्टडीजचे १५ क्रेडिट लागतात आणि त्यातले ५ वर्ल्ड हिस्ट्रीचेच, तेव्हा ऑनर्स सुटेल, इतिहास नाही सुटणार. ऑनर्सला जीपीएमध्ये जास्तीचं वजन किती ते डिस्ट्रिक्टवर असतं, आणि मधेच बदललं तर आधीचा ग्रेड बरोबर येतो का, शेवटची तारीख कुठली, हे तीन प्रश्न काउन्सेलरला विचारून कागदावर लिहून ठेव. मग अफूचा एस्से आणि त्याच्या पुढचा एक होऊ दे. तोपर्यंत ती अकराला झोपू शकत नसेल, किंवा बाकीचे विषय घसरायला लागले, किंवा ती स्वतःच म्हणाली की आई आता पुरे, तर खुशाल बदल, रेग्युलरमध्ये जाणं म्हणजे काही हार नाही आणि शेजारच्या कोणाला त्याचा हिशोब द्यायचा नाहीये. पण सध्या ती रडतेय आणि तरी सोडायचं नाही म्हणतेय, ह्यावरून मला तरी वाटतं की विषय तिला आवडलाय आणि आपण अचानक ढ झालो की काय ह्याची भीती वाटतेय. वर्षानुवर्षं पहिली आलेल्या पोरीला पहिला सी प्लस असाच लागतो. मॅथवाल्या मिस्टरांना कामाला लाव, चहापायी चीनमध्ये जाणारी चांदी आणि अफूपायी बाहेर येणारी चांदी ह्याचा ताळेबंद तिच्याबरोबर बसून मांडा म्हणावं, उड्या मारत बसतील.

आणखी एक, भारताचा चॅप्टर येईल तेव्हा वर्गात सगळे वळून तिच्याकडे बघतील, जातीव्यवस्था समजावून सांग, गांधीजींबद्दल सांग. माहिती असेल तर सांगावं, नसेल तर "मला बघावं लागेल" म्हणावं. दीडशे कोटी लोकांची वकिली तिने घेतलेली नाही, हे तिला आधीच सांगून ठेव म्हणजे त्या दिवशी गोंधळणार नाही.

आणि कार्डं फेकू नकोस, एवढी मेहनत केलीयस. पुढच्या बाजूला तारीख आहे ना, मागची बाजू कोरी असेल तर ती पोरीला दे. तू पोळ्या लाटताना एक कार्ड उचलायचं, तारीख तूच वाचून दाखवायची, आणि "ह्यामुळे काय बदललं?" एवढंच विचारायचं. ती काही म्हणाली की "कशावरून?" पटलं तर तिने ते मागे लिहायचं, नाही पटलं तर कार्ड परत गठ्ठ्यात. रोज तीनच कार्डं, जास्त नाही. १८४२ पासून सुरू करा.